लॅपटॉपला नाव कळतं, मग फोनलाच काय झालं?

प्रश्न : घरी रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस सर्व्हर) टाकलंय आणि त्यातच फोटोंच्या सर्व्हरला 'फोटो डॉट लॅन' असं नाव दिलंय. लॅपटॉपवर झकास उघडतं, अँड्रॉइडवर मात्र कधी उघडतं कधी नाही. आयपी (आकडी पत्ता) टाकला की लगेच चालतं. फोन रिसेट मारू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रिसेट बिसेट काही नको हो! आयपीने चालतंय म्हणजे वायफाय, सर्व्हर सगळं धड आहे, फक्त फोन पत्ता भलत्यालाच विचारतोय.

नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस, आणि अशा वेळी सगळे आधी फोनमधल्या प्रायव्हेट डीएनएसकडे बोट दाखवतात. अँड्रॉइड ९ पासून ते सेटिंग आहे, आणि जाहिराती बंद करायला म्हणून कुणी तिथे बाहेरचा सर्व्हर टाकला असेल तर सगळे प्रश्न थेट त्याच्याकडे जातात, त्याला तुमच्या घरातलं 'फोटो डॉट लॅन' कुठून माहीत असणार. पण मग ते कधीच उघडलं नसतं. तुमचं अधूनमधून उघडतंय ना, म्हणून माझा संशय दुसऱ्या डीएनएसवर आहे.

राउटरच्या डीएचसीपीत (फोनला पत्ता आणि डीएनएस देणारं सेटिंग) डीएनएस १ ला पायचा पत्ता आणि २ ला 'असू दे बॅकअप' म्हणून ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) टाकलंय का बघा. तो बॅकअप नसतो! फोन दोघांपैकी कुणालाही विचारू शकतो, आणि एकाने 'असं नाव नाही' सांगितलं की विषय संपला, दुसऱ्याला विचारत बसत नाही. तिथे फक्त पायचाच पत्ता ठेवा.

तरी रडलं तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बघा. हा छुपा रुस्तम आहे, कारण डीएचसीपी तुम्ही नीट केलेलं असतं आणि राउटर मात्र आयपीव्ही६ साठी नेटवर्कवर स्वतः पाठवत असलेल्या सूचनांतून (राउटर अॅडव्हर्टाइजमेंट) इंटरनेट कंपनीचा डीएनएस गुपचूप फोनला देत असतो. फोनमध्ये त्या वायफायचे डिटेल्स उघडा, डीएनएसच्या यादीत कोलनवाला लांबलचक पत्ता दिसला आणि तो पायचा नसला तर राउटरमधून तो काढा किंवा तिथे पायचाच आयपीव्ही६ पत्ता द्या. मग वायफाय बंद-चालू करून पाय-होलचा क्वेरी लॉग (आलेल्या प्रश्नांची यादी) उघडा आणि फोनवर नाव टाका, लॉगमध्ये फोनची ओळ आली की झालं.

लॉगमध्ये ओळ येते पण क्रोममध्ये 'फोटो' एवढंच टाकल्यावर गुगल सर्च उघडतं? मग पूर्ण नाव टाकून शेवटी एक स्लॅश द्या.