पहिल्या पगारातली यादी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. साताऱ्यात गोडोलीतल्या खोलीसाठी पहिल्या पगारातून घ्यायच्या सात वस्तू: अंडी उकडायचं यंत्र, दोरीचा चॉपर, मिक्सर, इंडक्शन शेगडी, नॉनस्टिक पॅन, सँडविच टोस्टर आणि अंडी फेटायचं ते बॅटरीवरचं. मामाला विचारून घेते म्हणालीस, बरं वाटलं. दोन दिवस ती यादी दुकानात टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. एकतीस वर्षं मी इथं सांगलीत गणपती पेठेच्या मागं मिक्सर, कुकर आणि इस्त्र्या दुरुस्त करतोय. विकणाऱ्याला वस्तू नवी असताना दिसते, मला ती दोन वर्षं वापरल्यावर दिसते. तेवढ्याच अधिकारानं लिहितोय.

वस्तूंचं नंतर बोलू, आधी अंड्याचं. आजी माळकरी, त्यामुळं आपल्या चुलीवर अंडं कधी चढलं नाही आणि तुला ते शिकवायला घरात कुणी नव्हतं. मी शिकलो मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला, रॉकेलच्या स्टोव्हवर. तवा वेगळा, उलथणं वेगळं, खुंटीही वेगळी. आजीनं कधी बोल लावला नाही, फक्त ती भांडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. तूही खोलीत अंड्याचा तवा वेगळाच ठेव, म्हणजे आजी चार दिवस राहायला आली तर तिला तुझ्या हातचं निर्धास्त खाता येईल. आणि घरमालकीणबाईंना अंडी चालतात का, हे आधी तोंडावर विचार. लपवून शिजवलेल्या अंड्याचा वास जिन्यापर्यंत जातो.

आता आच. अंड्याचा पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांच्या आसपास धरायला लागतो, पिवळा बलक पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान घट्ट होतो. साताऱ्यात पाणी उकळतं साधारण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांना. म्हणजे अंड्याला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता साध्या उकळत्या पाण्यातच आहे, आणि तापलेला तवा तर त्याच्याही दुप्पट पुढं. नवशिक्यांचं अंडं कच्चं क्वचित राहतं. बिघडतं ते जास्त आचेनं: चिवट होतं, पाणी सोडतं, वास मारतं. म्हणून अंडं तव्यावर पडायच्या आधी तुझा हात गॅसच्या बटणावर पाहिजे.

उकडलेल्या अंड्यापासून सुरुवात कर, कारण त्यात चूक कुठं झाली ते कापल्याबरोबर दिसतं. पातेल्यात पाणी खळखळू दे, मग पळीनं एकेक अंडं हलकेच सोड, गॅस मध्यम कर आणि फोनवर वेळ लाव. सात मिनिटांत पांढरं घट्ट आणि बलक मधासारखा. दहा-अकरा मिनिटांत बलक धरलेला पण मऊ. तेरा मिनिटांच्या पुढं तो कोरडा, पिठासारखा होत जातो. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाक, नाहीतर ते आतल्या आत शिजतच राहतं. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर अंडं खराब आहे असं समजू नकोस. पांढऱ्या भागातला गंधक आणि बलकातलं लोह जास्त वेळ तापल्यावर एकत्र आले की ते कडं येतं. पुढच्या वेळी दोन मिनिटं कमी कर. महाबळेश्वरला मैत्रिणींबरोबर राहायला गेलीस तर मात्र मिनिटभर जास्त दे. तिथं साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं.

अगदी ताजी अंडी सोलताना साल पांढऱ्यासकट निघते. चार-पाच दिवसांची अंडी उकडायला चांगली, ताजी अंड्याच्या पोळीला आणि भुर्जीला. अंडं शिळं किती, हे पाण्यात टाकून कळतं: ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून दे. रुंद टोकाकडं हवेची पोकळी असते आणि दिवसागणिक ती वाढते, म्हणून असं होतं. ठेवताना तेच टोक वर ठेव. आणल्या आणल्या धुऊ नकोस, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. फोडल्यावर हात मात्र साबणानं धू.

आता तुझ्या यादीतलं पहिलं यंत्र इथंच येतं. मी ते खोलून पाहिलेलं आहे. तळाशी एक तापणारी थाळी, त्यावर मापानं घातलेलं पाणी. पाण्याची वाफ होऊन संपलं की थाळी एकदम तापते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. घड्याळ आत नसतंच, पाण्याचं माप हेच त्याचं घड्याळ. म्हणून त्या पेल्यावर अंडी कमी तर पाणी जास्त असं लिहिलेलं असतं. अंडी जास्त असली की त्यांच्या गार कवचावर वाफेचं पाणी होऊन परत थाळीवर ठिबकतं, आणि तेच पाणी पुन्हा कामाला येतं. फार हुशारीनं केलेली वस्तू आहे, मला आवडते. पण पातेल्यात बोटभर पाणी, वर घट्ट झाकण आणि फोनचं घड्याळ एवढ्यात तुझं तेच काम होतं. सकाळी साडेसातच्या बससाठी पळताना गॅसकडं बघायला सवड नसेल तर घे. घेतलंस तर थाळीवर पांढरा क्षार धरू देऊ नकोस, बोअरच्या पाण्यानं तो फार लवकर धरतो. लिंबू पिळलेलं पाणी घालून अर्धा तास ठेवलं की सुटतो.

फेटायच्या यंत्रावर काट मार. दोन अंड्यांना काटा-चमचा पुरतो.

पोळी म्हणजे आपली अंड्याची पोळी, तुम्ही मुलं ऑम्लेट म्हणता ती. दोन अंडी फोडून त्यात मीठ आधीच घाल आणि दहा मिनिटं ठेव, तोवर कांदा-मिरची-कोथिंबीर चिरून होते. मिठानं अंडं सैल होतं, पोळी मऊ राहते आणि पाणी सुटत नाही. चिमूटभर हळद घाल, आणि ती सांगलीचीच ने, डबा भरून देतो. तवा तापवून गॅस बारीक कर, तेल सोड, मग अंडं ओत. कडा धरल्या की झाकण ठेव. उलटायची घाई नको. वरचा भाग ओलसर असतानाच उलट आणि अर्ध्या मिनिटात काढ.

भुर्जीला दोन माणसांसाठी तीन अंडी, मोठा कांदा, एक टोमॅटो. कांदा गुलाबी होऊ दे, टोमॅटोचं पाणी पूर्ण आटू दे, मग आपली कांदा-लसणाची चटणी चमचाभर. चटणी तेलात पडल्यावर दहा सेकंदांत गॅस बारीक झालाच पाहिजे, नाहीतर ती कडू होते आणि शेजारच्या खोलीत ठसका लागतो. मग अंडी. सारखं ढवळू नकोस. जरा धरू दे, मग मोड, परत धरू दे. ओलसर दिसतेय तोवर गॅस बंद कर, उरलेलं ती कढईच्या गरमीवर शिजते.

आणि कुस्करा. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. साताऱ्यात ज्वारीची भाकरी तुला डब्यात मिळेल, आणि रात्रीची एक उरेलच. सकाळपर्यंत ती कडक होते. ती हातानं बारीक कुस्कर, मिक्सरला लावू नकोस, पीठ होतं. मोहरी-जिऱ्याची फोडणी, कांदा, कढीलिंब, थोडे शेंगदाणे, चटणी. त्यात चुरा घालून पाण्याचा हबका मार आणि दोन मिनिटं झाकण ठेव. वाफेनं कडक चुरा परत मऊ होतो. आजी एवढं करून वाडगं भरायची आणि मागच्या दारात उंबऱ्यावर ठेवायची. म्हणायची, "पुढचं तुझं तू बघ." मी ते बाहेर नेऊन तव्यावर पसरायचो, मध्ये आळं करून दोन अंडी फोडायचो आणि बारीक आचेवर हळूहळू चुऱ्यात मिसळायचो. प्रत्येक कणाला अंड्याचा हात लागतो, तो सुटा राहतो आणि कोरडा लागत नाही. वर कच्चा कांदा आणि लिंबू. दोन अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, भाकरीचं बळ वेगळं. दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. बेकरीतला पाव आणून खाण्यापेक्षा तू हे शीक, माझी फार इच्छा आहे.

श्रावणात, आणि तू सोमवार-गुरुवार पाळत असलीस तर त्या दिवशी, उप्पीट, धिरडी, पोहे आहेतच. ते तुला आईनं शिकवलंय.

पुन्हा यादी. इंडक्शन घे, पण आधी खोलीतलं सॉकेट बघून ये. ही शेगडी दोन हजार वॅटपर्यंत ओढते, म्हणजे साडेआठ-नऊ अँपिअर. भाड्याच्या खोल्यांत बहुतेक बारीक भोकांचं सहा अँपिअरचं सॉकेट असतं. त्यात कन्व्हर्टर पिन लावून किंवा एक्स्टेंशनवर शेगडी चालवतात, आणि मग वितळलेला प्लग घेऊन माझ्याकडं येतात. महिन्यातून एकदा तरी बघतो मी ते, आणि दरवेळी पोटात गोळा येतो. सोळा अँपिअरचं जाड भोकांचं सॉकेट नसेल तर ते बसवून घे, तोवर शेगडी खोक्यातच राहू दे. पाणी तापवायची किटली आणि शेगडी एका वेळी एका बोर्डावर कधीही नको.

मिक्सरचं: मोटर जळते ती बहुतेक वेळा घाईनं. भांडं गच्च भरायचं, पाणी घालायचं नाही आणि तीन मिनिटं सलग चालू ठेवायचा. थांबत थांबत फिरव. मध्येच बंद पडला तर घाबरू नकोस, बुडाशी लाल बटण असतं, दहा मिनिटांनी ते दाब. खडखड आवाज आला तर मोटर आणि भांडं जोडणारा कपलर झिजलेला असतो, तो स्वस्तात बदलून मिळतो. त्यासाठी नवा मिक्सर घ्यायला लावणाऱ्याकडं जाऊ नकोस. गरम टोमॅटो किंवा गरम डाळ झाकण लावून कधी फिरवू नकोस. वाफ कोंडते आणि झाकण उडतं. आमच्या एका गिऱ्हाईक बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला होता. अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तरी तेच, आत वाफ कोंडून फुटतं.

दोरीच्या चॉपरनं पाच-सहा हिसक्यांत कांदा छान होतो, वीस हिसके दिलेस की पाणी सुटून लगदा, आणि तो लगदा पोळीत चांगला लागत नाही. दोरी तुटली की दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा एक चांगली सुरी आणि लाकडी पाट घे. पंधरा दिवसांत हात बसेल.

सँडविच टोस्टर राहू दे. त्याच्या जागी आप्पेपात्र घे, हे माझ्याकडून भर. फेटलेल्या अंड्यात बारीक कांदा आणि शिजवलेला बटाटा कुस्करून घाल, प्रत्येक खळगा अर्धाच भर कारण ते फुगतात, झाकण ठेव, मग लाकडी काडीनं उलट. डब्यात न्यायला यासारखं काही नाही.

दोन-तीन लिटरचा कुकर यादीत नव्हता, तो मी देणार आहे. त्याची रिंग सैल झाली की बदल, आणि दर वेळी झाकण लावायच्या आधी शिट्टीची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का बघ. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तर त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा बसव. यात काटकसर करू नकोस.

राहिला नॉनस्टिक पॅन. घ्यायचाच तर रिकामा कधी तापवू नकोस. अडीचशे अंशांच्या पुढं त्याचा थर बिघडायला लागतो, आणि मोठ्या आचेवरचा रिकामा पॅन काही मिनिटांत तिथं पोचतो. लोखंडी उलथणं त्याला लावायचं नाही. पण तू घेऊ नकोस, कारण मी तुला माझा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा पाठवतोय, त्या मागच्या खुंटीवरचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात आणि घरात पाणी होतं, तेव्हा तोही चार दिवस गाळात होता. उपसताना सापडला तेव्हा सगळा तांबडा झाला होता. घासून गंज काढला, तेलाचा पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवला, असं पाच-सहा वेळा केलं, आता परत काळा आणि गुळगुळीत आहे. बूड सपाट आहे, इंडक्शनवर चालतो. फक्त काचेवर हळू ठेव आणि ओढू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीनं तुझा मावसभाऊ साताऱ्याला येतोय, त्याच्याकडं देतो. हळदीचा डबा आणि चटणीची बरणीही त्याच पिशवीत आहे. पहिले तीन-चार दिवस तव्यावर नुसता कांदा तेलात परत, अंडं घालू नकोस. मग घाल. धुतल्यावर फडक्यानं पुस, गॅसवर मिनिटभर कोरडा कर आणि तेलाचं बोट फिरवून ठेव. चिकटलं तर फोटो पाठव, आच किती होती तेही लिही.

तुझा,
मामा