इको व्हॅनच्या छोट्या कॅम्परला 100 एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी पुरेल का? वायरिंग कसं करावं?

तुम्ही दोघं आणि एक मूल, मारुती इको, तीन-चार दिवसांच्या कोकण-सह्याद्रीतल्या सहली. गाडीत 40 लिटरचा 12 व्होल्टचा फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल आणि अधूनमधून मिक्सर. दुकानदार म्हणतोय 100 एएचची लिथियम बॅटरी घ्या, 2000 वॉटचा इन्व्हर्टर घ्या आणि एक रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) टाकून गाडीच्या बॅटरीला जोडून द्या.

बॅटरीचा आकडा बरोबर आहे. इन्व्हर्टर आणि रिले मात्र घेऊ नका. मी गाड्यांचं वायरिंग करतो, आणि कॅम्परमध्ये लोकांचे पैसे बहुतेक वेळा या दोन जागी वाया जातात. वायर, फ्यूज आणि थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची जोडणी) या स्वस्त वस्तूंवर मात्र कंजुषी होते.

आधी हिशेब करू. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना 45-50 वॉट घेतो. कोकणातल्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे दिवसाला साधारण 550 वॉट-अवर (वॉट गुणिले तास). 25 वॉटचा डीसी पंखा रात्रभर, 9 तास, म्हणजे 225. दिवे 40, मोबाइल-कॅमेरा 60, पंप 10, मिक्सर पाचेक मिनिटं म्हणून 50. बेरीज 935. 100 एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी म्हणजे 12.8 गुणिले 100, 1280 वॉट-अवर. त्यातले 90 टक्के वापरायचे धरले तर हाताशी साधारण 1150 येतात. कुठूनही चार्जिंग न मिळता एक दिवस आणि वर थोडं. जुन्या लेड-अ‍ॅसिडमधून निम्मीच ताकद काढता येते आणि वजनही कितीतरी जास्त, त्यामुळे लिथियमचा तुमचा निर्णय योग्यच आहे. फक्त ती एलएफपीच असू द्या. स्कूटरच्या जुन्या पॅकमधले एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल जोडून केलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी माणसं झोपतात त्या गाडीत नको.

आता रोजची भरपाई. छतावर 150 वॉटचं सोलर पॅनेल आडवं बसवलं तर आपल्याकडच्या पाचेक तासांच्या चांगल्या उन्हात 480-500 वॉट-अवर मिळतात. तापलेलं पॅनेल कमी वीज देतं आणि आडवं असल्यानेही घट येते, म्हणून पाकिटावरच्या आकड्याला 0.65 ने गुणूनच हिशेब करा. 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीकडून ठरावीक करंट घेऊन दुसरी बॅटरी भरणारा) गाडी चालत असताना तासाला 270 वॉट-अवर भरतो. दोन तास गाडी चालली की 540. दोन्ही मिळून 1000 च्या वर जातं, म्हणजे रोजचा खर्च निघतो. पावसाळ्यात पॅनेलकडून 100 मिळाले तरी पुष्कळ, तेव्हा तीनेक तास प्रवास हवा किंवा मुक्कामी प्लग हवा. त्यासाठी एलएफपीचाच 14.4-14.6 व्होल्टचा 20 अँपिअरचा चार्जर जवळ ठेवा, तो लॉजच्या साध्या 5 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. घरच्या इन्व्हर्टरचा चार्जर वापरू नका. लेड-अ‍ॅसिडसाठी तो मधूनमधून व्होल्टेज 15 च्या वर नेऊ शकतो, ते या सेलना सोसत नाही.

रिले नको, याचं कारण नीट समजून घ्या. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो, रिकामी असली की ती मिळेल तेवढा करंट ओढते. इकोसारख्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालण्यासाठी बनवलेला नसतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालतं, अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त तापतो. त्यात बॅटरी भरल्यावर बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने) अचानक सर्किट तोडलं तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. डीसी-डीसी चार्जर करंट 20 वर बांधून ठेवतो, लिथियमला हवं तेच व्होल्टेज देतो आणि इंजिन बंद झालं की थांबतो. हा खर्च टाळू नका. 30 किंवा 40 अँपिअरचं मॉडेल मात्र या गाडीत बसवू नका.

इन्व्हर्टरचंही तसंच. 2000 वॉट घ्यायचे तर 12 व्होल्टच्या बाजूने 175 अँपिअरच्या पुढे करंट लागतो. 100 एएचच्या बॅटरीचा बीएमएस बहुधा 100 अँपिअरचा असतो, तो लगेच ट्रिप होईल. म्हणजे इंडक्शन शेगडी या बॅटरीवर चालणारच नाही. एअर कंडिशनरचा विचारही सोडून द्या. स्वयंपाक गॅसवर ठेवा आणि मिक्सरसाठी 1000 वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. तोही पूर्ण भारावर 90 अँपिअर ओढतो, म्हणून बॅटरीपासून एक मीटरच्या आत, 35 स्क्वेअर एमएमची केबल आणि 125 अँपिअरचा फ्यूज. वापर झाला की बंद करा. नुसता चालू राहिला तरी 10-15 वॉट खातो, दिवसभरात ते पंख्याच्या रात्रीएवढं होतं. 230 व्होल्टचं वायरिंग गाडीभर फिरवू नका. मिक्सर थेट इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा, बाकी सगळं 12 व्होल्टवर.

आता वायर. घरात दीड स्क्वेअर एमएमची वायर चालते म्हणून गाडीतही चालेल असं नाही. 60 वॉटला 230 व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, 12 व्होल्टवर पाच. फ्रिज बॅटरीपासून 4 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 8 मीटर वायर झाली. 1 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये 5 अँपिअरला 0.7 व्होल्ट वाटेतच जातात. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट आणखी वाढतो, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. लोक मग बॅटरीला दोष देतात. 4 स्क्वेअर एमएम टाका, घट 0.18 व्होल्टवर येते. फ्रिजला स्वतंत्र लाइन, 15 अँपिअरचा फ्यूज. डीसी-डीसीसाठी 10 स्क्वेअर एमएम आणि दोन्ही टोकांना 40 अँपिअरचे फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते.

12 व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण शॉर्ट झाली तर ही बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते. माझ्याकडे आलेल्या एका व्हॅनमध्ये बॅटरीची लाल केबल पत्र्याच्या भोकातून ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) न लावता काढलेली होती. हादऱ्यांनी इन्सुलेशन घासून पत्र्याच्या कडेशी बोटभर तांबं उघडं पडलं होतं. फ्यूज होता, पण त्या भोकाच्या पलीकडे, दीड मीटरवर. तिथे शॉर्ट झाली असती तर तो फ्यूज काहीच करू शकला नसता. म्हणून मेन फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवा, शक्यतो टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ जातीचा, नाहीतर क्लास-टी जातीचा. मोठा शॉर्ट करंट हे दोन्ही तोडू शकतात, बाजारातल्या साध्या एएनएल फ्यूजचा तसा भरवसा देता येत नाही. वायर जिथे जिथे पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट हवंच. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. पिळून टेप गुंडाळलेला सांधा एकही नको.

बॅटरी कुठे ठेवायची तेही महत्त्वाचं. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून त्या भागाला चिकटून ठेवू नका. मागच्या चाकांच्या किंचित पुढे, जमिनीला बोल्ट केलेल्या ट्रेमध्ये, पट्ट्याने आवळून. वजन 11-13 किलोच असलं तरी ब्रेक लागला की ते सुटून येऊ शकतं. विदर्भात मे महिन्यात जाणार असाल तर बंद गाडी उन्हात उभी करू नका. बॅटरीचं तापमान 50-55 अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक बीएमएस चार्जिंग थांबवतात. उलट लडाख-स्पितीत शून्याखाली चार्जिंग करायचंच नाही, सेल कायमचे खराब होतात. बीएमएसला कमी तापमानाचा कटऑफ आहे का, ते विकत घेतानाच विचारा.

बॅटरी हातात आली की गाडीत बसवण्याआधी एक चाचणी करा. पूर्ण चार्ज करा, हेडलाइटचे दोन एच4 बल्ब फरशीवर ठेवून फ्यूजमधून समांतर जोडा, डीसी क्लॅम्प मीटरने करंट बघा आणि घड्याळ लावा. करंट 10 अँपिअर असेल तर बॅटरी दहा तासांच्या आसपास चालली पाहिजे. सात तासांत बंद पडली तर आत जुने किंवा हलके सेल आहेत, परत करा. बल्ब फार तापतात, लेकराला दूर ठेवा.

किती चार्ज उरलाय ते व्होल्टमीटरवरून कळत नाही. 70 टक्के आणि 40 टक्के, दोन्हीकडे 13 च्या आसपासच दिसतं. त्यासाठी निगेटिव्हवर शंटवाला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) बॅटरी मॉनिटर लावा आणि प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या टोकाला जोडा. एकही वायर थेट बॅटरीला गेली तर हिशेब चुकतो. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा) जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, आणि त्यात एलएफपीचं सेटिंग निवडून इक्वलायझेशन (जुन्या प्रकारच्या बॅटरीसाठी व्होल्टेज चढवण्याची सोय) बंद करा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर बॅटरी, एमपीपीटी, इन्व्हर्टर आणि फ्यूज बॉक्स एकाच सुट्या पेटीत बसवून ती पेटी वर सांगितलेल्या ट्रेमध्ये आवळली असती आणि कंपनीच्या हार्नेसची एकही वायर कापली नसती. छताला आणि सीटना हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. पेटी सुटी असली की सहल नसताना ती घरात आणता येते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी 50-60 टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद करा आणि दोन महिन्यांनी एकदा मॉनिटर बघा.

फ्रिजच्या मागच्या पट्टीवर वॉट किंवा अँपिअर लिहिलेले असतील, ते कळवा. आकडा 50 पेक्षा बराच जास्त असेल तर वरचा हिशेब बदलेल आणि पॅनेल 200 वॉटचं लागेल.