फळीवरचा स्पीकर आणि कागदी कर्णा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरातील राजांगणालगतच्या मोठ्या खोलीसाठी मी पेटीविना स्पीकर केला आहे. ६० सेंटिमीटर रुंदीच्या प्लायवूडच्या मधोमध भोक पाडून त्यात १२ इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) बसवला आणि फळी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी केली. गाणाऱ्याचा आवाज सुरेख मोकळा येतो, पण तबल्यातला डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि बास वाढवला की वूफरचा पडदा फडफडू लागतो. दोष वूफरचा की फळीचा? – एक वाचक, फोंडा

उत्तर : दोष बहुधा वूफरचा नाही. उघड्या फळीवर पडद्याच्या पुढून आणि मागून निघणारे ध्वनी परस्परविरुद्ध असतात; पुढे दाब वाढतो त्याच क्षणी मागे तो कमी होतो. तरंगलांबी फळीच्या मानाने लहान असेपर्यंत दोन्ही ध्वनी आपापल्या बाजूला राहतात, परंतु खालच्या स्वरांच्या लांबच लांब तरंगांना फळीची कड वळसा घालून जाता येते आणि पुढे येऊन ते एकमेकांना खोडतात. आपल्या फळीवर मागच्या ध्वनीला कडेपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटरचेच जास्तीचे अंतर कापावे लागते, त्यामुळे अंदाजे २०० हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकामागे ६ डेसिबलने घटत जातो. १०० हर्ट्झला सहा आणि ५० हर्ट्झला बारा डेसिबलची घट, असा हा हिशेब आहे. डग्ग्याचा घुमारा नेमका याच पट्ट्यात असल्यामुळे तो आपल्याला सापडत नाही.

बासचे बटण पिळून ही घट भरून काढणे धोक्याचे आहे. बंद पेटीत आवाजाची पातळी कायम ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर पडद्याला चौपट हलावे लागते, उघड्या फळीवर मात्र आठपट; शिवाय पेटीतल्या कोंडलेल्या हवेचा स्प्रिंगसारखा आधार येथे नसतो. म्हणून पडदा फडफडतो. ४० हर्ट्झच्या खालचे सर्व स्वर फिल्टरने कापून टाकावेत, म्हणजे जे वूफरला झेपणार नाही ते त्याच्याकडे जाणारच नाही.

फळी रुंद करण्याऐवजी तिच्या दोन्ही कडांना मागच्या बाजूला तीस-तीस सेंटिमीटरचे पाखे जोडून पाहावेत. वळशाचे अंतर वाढते आणि खोलीतील जागाही फारशी अडत नाही. पाखे याहून फार खोल केल्यास मागे पोकळी तयार होऊन तिचा स्वतःचा घुमारा ऐकू येऊ लागतो. वूफर मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवावा. मधोमध असला की सगळ्या कडा जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि एका ठरावीक स्वराला, आपल्या बाबतीत ११५० हर्ट्झच्या आसपास, खड्डा पडतो. अंतरे वेगवेगळी झाली की तो खड्डा पसरून उथळ होतो.

वूफरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस (पडदा त्याच्या नैसर्गिक कंपनाला, म्हणजे अनुनादाला, किती आवरला जातो याचे माप) हा आकडा अवश्य पाहावा. तो ०.७ च्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त असलेला वूफर उघड्या फळीला मानवतो, कारण त्याच्या स्वतःच्या अनुनादाजवळची उभारी फळीवरची घट काही अंशी भरून काढते. जत्रेतल्या नाटकांना साउंडवाले जे भरभक्कम चुंबकाचे वूफर वापरतात, त्यांचा हा आकडा सहसा ०.३ ते ०.४ असतो. पेटीत ते उत्तम, फळीवर मात्र रुक्ष वाजतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतील हलक्या पडद्याचे आणि लहान चुंबकाचे स्पीकर या कामाला बरे, कारण ते पाठीमागून जवळपास उघड्या असणाऱ्या खोक्यासाठीच घडवलेले असत.

राहिली भिंत. फळी तिच्यापासून निदान एक मीटर पुढे आणावी. आपल्याकडच्या मोठ्या खोल्यांत हे सहज जमते, आणि अशा घरांना पेटीपेक्षा फळी शोभते असे माझे स्पष्ट मत आहे. उघडी फळी कडांच्या दिशेने, डावी-उजवीकडे, जवळपास मुकी असते. समोर तेवढाच आवाज देताना ती चहूकडे सारखा पसरवणाऱ्या स्पीकरच्या एकतृतीयांश ध्वनिशक्ती खोलीत सोडते, त्यामुळे चिऱ्याच्या उघड्या भिंतींचा घुमारा कमी जाणवतो.

प्रश्न : आम्ही दिवाळीला बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून नरकासुर करतो. त्याच पद्धतीने वरपासून खालपर्यंत सगळे स्वर वाजवणारा एकच मोठा कर्णा करता येईल का? जुने नाट्यसंगीत ऐकायचे आहे. – एक वाचक, डिचोली

उत्तर : कर्णा जरूर करावा, पण सगळे स्वर त्याच्या एकट्यावर सोपवू नयेत. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ त्याच्या सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा, असा ढोबळ नियम आहे. ५० हर्ट्झसाठी तोंडाचा व्यास सुमारे २.२ मीटर निघतो. एवढा कर्णा घरात आणायचा तर एखादी भिंत पाडावी लागेल. खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती कर्ण्याचेच काम करतात व तोंडाचे क्षेत्रफळ एक-अष्टमांशावर भागते. अमेरिकन अभियंते पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकायला आणलेला घडीचा कर्णा याच तत्त्वावर आहे. मात्र त्याच्या आतील नागमोडी वाट ही सुतारकामाची बाब आहे, कागदाची नव्हे.

आपल्या हातोटीला शोभेल असा कर्णा ५०० हर्ट्झच्या हिशेबाने करावा. एक इंची कंप्रेशन ड्रायव्हरसाठी (कर्ण्याच्या गळ्याला लावायचा लहान स्पीकर) गळ्याचा व्यास २५ मिलिमीटर, तोंडाचा २२ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे २४ सेंटिमीटर येते. छेदाचे क्षेत्रफळ दर ३.८ सेंटिमीटरला दुप्पट झाले पाहिजे. या अंतरांवर व्यास मोजून पुठ्ठ्याच्या चकत्या कापाव्यात, त्या एका दांड्यावर ओवाव्यात आणि मधली जागा मातीने भरून साचा करावा. वर कागदाचे थर द्यावेत, पण नरकासुराची मैद्याची खळ येथे नको: नरकासुर एका रात्रीत जळून जातो, कर्ण्याला पावसाळे काढायचे आहेत आणि खळीला बुरशी व झुरळे दोन्ही लागतात. पाण्याने न सुटणारा लाकडाचा गोंद वापरावा आणि वाळल्यावर आतून-बाहेरून व्हार्निश चढवावे. बोटाने टिचकी मारल्यावर कर्णा वाजला तर थर अजून कमी आहेत असे समजावे. होड्यांना फायबरचे अस्तर करणारा कारागीर ओळखीचा असेल तर बाहेरून एक थर त्याच्याकडून द्यावा.

कर्णा ५०० हर्ट्झचा असला तरी तो वापरायचा १००० हर्ट्झच्या वर. मर्यादेजवळ त्याचा सूर अनुनासिक होतो, आणि बरेचसे एक इंची ड्रायव्हर १००० हर्ट्झच्या खाली तगही धरत नाहीत. खालचे काम वरील उत्तरातल्या फळीवर सोपवावे. जुन्या नाट्यसंगीतासाठी अतिखोल बासची चिंता नसावी. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊनच मुद्रित होत आणि त्यांत १०० हर्ट्झच्या खाली ऐकण्याजोगे फारसे काही नसते.

प्रश्न : फळीवरचा वूफर आणि वर कर्णा अशी जोडी केली, तर दोघांचा मेळ कसा घालावा? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : कर्णा एका वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबल देत असेल आणि वूफर ९०, तर तेवढ्याच आवाजाला वूफरला सुमारे तीसपट शक्ती लागते, म्हणून कर्ण्याच्या वाटेत रोधांची (रेझिस्टरची) जोडी घालून त्याचा आवाज खाली आणावा. ड्रायव्हर ८ ओहमचा असल्यास त्याच्या मालिकेत २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला की सुमारे १००० हर्ट्झच्या खाली त्याच्यावरचा भार कमी होत जातो. मग कर्ण्याच्या तारा उलट्या जोडून १००० हर्ट्झचा सूर लावावा आणि कर्णा पुढेमागे सरकवत राहावे. ऐकण्याच्या जागी तो सूर सर्वांत क्षीण होईल तेथे कर्णा पक्का करावा आणि तारा पुन्हा सुलट कराव्यात.