‘गेले’ हे क्रियापद खोड

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कैरो गावावरचं तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परवा रात्री वाचलं, काल सकाळी पुन्हा वाचलं. नकाशे देखणे झालेत. पण ‘ओहायो आणि मिसिसिपीच्या संगमावरचं कैरो कालौघात ओस पडलं, लोक निघून गेले’ या वाक्यापाशी मी पेन्सिल खाली ठेवली. कालौघ! अगं, ओघ नदीला असतो. आणि ती नदी तर त्या लोकांनी बांध घालून गावाबाहेर थोपवली होती.

लोक ‘गेले’ असं लिहू नकोस. कुणी घालवलं, ते लिही.

तुझे तिथले गाइड म्हणतात, सगळं भूगोलात आहे: इलिनॉयचं पार दक्षिण टोक, सगळ्या राज्यातली सखल जागा, पूल झाले आणि बोटींचा धंदा बसला. बरं. मग तूच काढलेला तक्ता त्यांच्यासमोर ठेव. ओहायोवर रेल्वेचा पूल १८८९ साली झाला. गावची लोकसंख्या सगळ्यात जास्त कधी होती? १९२० साली, १५,२०३. पूल होऊन एकतीस वर्षं झाल्यावर! पुलानं मारलेलं गाव तीन दशकं वाढत कसं राहिलं? १९६० साली ९,३४८ माणसं होती, १९७० साली ६,२७७. दहा वर्षांत तिसरा हिस्सा गळाला. आणि गावाला वळसा घालणाऱ्या आंतरराज्य महामार्गाचा मिसिसिपीवरचा पूल खुला झाला १९७८ मध्ये. म्हणजे मोठी गळती आधीची, वळसा नंतरचा. हे तुझ्याच परिशिष्टात आहे गं, मला नव्यानं काही शोधावं लागलं नाही.

त्या दहा वर्षांत काय झालं, हे तुला माहीत आहे आणि तू ते तळटीपेत घातलंयस. पोहण्याचा तलाव कृष्णवर्णीय पोरांना खुला करण्यापेक्षा बंद केला. १९६७ च्या जुलैत रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलिस कोठडीत फासाला लटकलेला सापडला, अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटलं, गावात जाळपोळ झाली. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, कारण त्या दुकानांत त्यांना नोकरी देत नव्हते. कित्येक दुकानदारांनी शटर कायमचं खाली ओढलं, पण कृष्णवर्णीय माणसाला गल्ल्यावर बसवलं नाही. हे तळटीपेचं काम आहे का? ‘पण सर, गोरे तर स्वतःहून गेले,’ असं तू म्हणशील. मग तसं लिही ना! ‘शेजार नको म्हणून गोरे गेले.’ कर्ता सापडला की कुठं अडतंय?

मी एवढा का चिडतोय, ते सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांवर माझा प्रबंध होता. मी लिहिलं होतं, ‘कुटुंबांना हलवण्यात आलं.’ तेही अर्धवटच, कोणी हलवलं ते नाहीच. माझ्या मार्गदर्शकांनी तेवढंही खोडून ‘स्थलांतर झाले’ केलं, शास्त्रीय भाषा म्हणून. मी मान डोलावली. पुढे वसाहतीतल्या एका म्हातारीला मी कौतुकानं तो परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, “आमी गेलो न्हाय बाबा, आमाला न्हेलं.” प्रबंध तोवर छापून ग्रंथालयात गेला होता. अजून तिथंच आहे. घरी लग्नाची बहीण होती, नोकरीला पदवी हवी होती, त्या वयात गाइडशी कोण भांडतं? हे सगळं खरं आहे आणि तरी ते वाक्य माझ्या नावावर आहे.

म्हणून पुन्हा सांगतो, कर्ता शोध. कैरोत २०१० ला २,८३१ माणसं, २०२० ला १,७३३. अकराशे माणसं दहा वर्षांत कमी. तू लिहितेस, ‘घट सुरूच राहिली.’ घट म्हणजे काय ऊन आहे, उतरायला? एल्मवूड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी वसाहती रिकाम्या करायचं केंद्रीय गृहनिर्माण खात्यानं २०१७ मध्ये जाहीर केलं. सुमारे ४०० माणसं तिथं राहत होती, आणि गावात भाड्यानं घ्यायला दुसरी धड घरं नव्हती. वसाहती राहण्याच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या, मान्य. तशा त्या कुणी होऊ दिल्या?

आणि पाण्याचंही तेच. २ मे २०११ च्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंग लावून फोडला, कैरो वाचावं म्हणून. मिसुरीतली सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्यात पिनहुक नावाचं कृष्णवर्णीयांचं चिमुकलं खेडं कायमचं उठलं. त्या रात्री पुराला वाट माणसांनी ठरवून दिली होती. हे कैरोच्या प्रकरणात आलंच पाहिजे. ज्या गावाची बाजू घ्यावीशी वाटते, त्याच्यासाठीही कुणाला तरी उठावं लागलं, हे लिहायला जड जातं. जाऊ दे जड.

तू मेलच्या शेवटी विचारलंस, विषय बदलून कॅन्ससमधलं लेबनन घेऊ का, तिथं वाद नाहीत. सलग ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य त्या गावाशेजारी, लोकसंख्या १७८, छान सोपं. घे! पण तिथंही ट्रॅक्टर आले, शेतं मोठी होत गेली, राबणारे हात नकोसे झाले. शेतं कुणाची मोठी झाली, हे तुला तिथंही विचारावं लागेल. आणि ‘मी बाहेरची, मला काय अधिकार’ हे मला ऐकवू नकोस. मी तर अमेरिका पाहिलेलीही नाही. जनगणनेचा तक्ता वाचायला पारपत्र लागत नाही.

एक बारीक गोष्ट. तिथली माणसं गावाचं नाव ‘केरो’ असं उच्चारतात म्हणे. मुलाखती घेशील तेव्हा इजिप्तच्या राजधानीसारखं म्हणू नकोस, पहिल्याच वाक्याला पाहुणी ठरशील.

प्रकरण नव्यानं लिही आणि या महिनाअखेरीपर्यंत पाठव. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टाइप जरा मोठा ठेव.

सर