नुसतं रक्त द्यायचं, त्यात कसला गुन्हा?

प्रश्न : मी नागपूरची, वय 36. पहिली मुलगी आहे, आता अकरावा आठवडा सुरू आहे. डॉक्टरांनी एनआयपीटी ही बाळातले गुणसूत्रदोष ताडणारी रक्ततपासणी सुचवली. दुबईचे दीर म्हणतात, "मी किट पाठवतो, घरीच रक्त घेऊन परत पाठवा, मुलगा की मुलगी तेही रिपोर्टमध्ये येईल." सासूबाई मागे लागल्या आहेत. ह्यांचं म्हणणं, सोनोग्राफी नाही तर कायदा कुठून आला? मला भीती वाटते. तपासणीच करू नये का?

उत्तर : तपासणी जरूर करा, ताई. टाळायचं ते दुबईचं किट.

तुमच्या ह्यांच्यासारखा समज मला कोर्टातल्या शिकल्यासवरलेल्या पक्षकारांकडूनही ऐकायला मिळतो. पाटी सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर दिसते, म्हणून कायदाही तेवढ्यापुरताच वाटत असावा. 1994च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याचं कलम 2 वाचा. गर्भजलाच्या बरोबरीनं गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही त्यात आहे. सुई पोटात गेली की दंडात, हे तिथं गौण आहे. कशासाठी गेली, ते पाहतात.

आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे असतात. 1997 साली ऑक्सफर्डमध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले, तेच मुळी मुलगा पोटात असलेल्या स्त्रियांच्या रक्तात, मुलग्यातच असणाऱ्या वाय गुणसूत्राचे अंश शोधून. लिंग या तंत्रात पहिल्या दिवसापासून दिसतंच. ते सांगायला कलम 5 मनाई करतं, तोंडी, खुणेनं, कसंही.

डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषासाठी तपासणी मात्र कलम 4 प्रमाणे चालते, आणि पस्तिशीपुढचं वय हे त्यातलं मान्य कारण आहे. नोंदणीकृत केंद्रातच जा. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली पाहिजे आणि तिची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. मराठी कागद मागून घ्या, लाजू नका. रिपोर्टमध्ये धोका जास्त आला तरी ते निदान नव्हे. गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासून खात्री करावी लागते. पुढे गर्भपाताचा विचार करायची वेळ आलीच, तर सज्ञान स्त्रीला संमती फक्त स्वतःची लागते, नवऱ्याची सही नाही.

जाता जाता एक. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि नेहमीची एनआयपीटी तो पकडत नाही. त्यासाठी तुम्हा दोघांची साधी रक्ततपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

आता किट. रक्त नागपुरात, तुमच्या घरात काढलं जाणार, तेही लिंग कळावं म्हणून. लॅब दुबईत आहे म्हणून इथलं कृत्य धुऊन निघत नाही. नवऱ्यानं किंवा नातेवाइकानं अशी मागणी करणं, त्याला उत्तेजन देणं, हेही कलम 4 मध्ये निषिद्ध आहे. कलम 23 खाली पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि आपसात मिटवता न येणारा. सासूबाईंना हे शेवटचं नीट समजावून सांगा. "घरातलं घरात" हा उपाय इथं चालत नाही.

तुमच्या भीतीचं म्हणाल तर कलम 24 तुमच्या बाजूनं आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत कोर्ट असंच धरतं की बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं. पण तुम्ही आपणहून होकाराचे मेसेज पाठवले, तर हे गृहीतक डळमळेल. म्हणून दिरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आजच एका ओळीत "नको" असं लिहा आणि आधीचे मेसेज पुसू नका. किट आलंच तर फोडू नका, पाकिटाचा फोटो काढा, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी अर्जासोबत देऊन पोच घ्या. तरी दबाव थांबला नाही, तर 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यासाठी सासर सोडावं लागत नाही.