ज्येष्ठांसाठी महापालिकेकडे काय मागावे?

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमचा ज्येष्ठांचा गट रोज सकाळी उद्यानात जमतो. महापालिकेकडे विरंगुळा केंद्र मागावे, असे काहींचे म्हणणे आहे. नुसती वास्तू उभी राहून काय साधणार, असे इतरांना वाटते. आम्ही नेमके काय मागावे?

उत्तर : विरंगुळा केंद्र अवश्य मागावे, मात्र ती पहिली मागणी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राचा लाभ तिथपर्यंत चालत जाऊ शकणाऱ्यांनाच होतो. ज्यांचे बाहेर पडणेच थांबले आहे, त्यांना आधी धड रस्ता, दिवे, सावलीतली बाकडी आणि स्वच्छतागृह हवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातील आठ विषयांची सुरुवातही मोकळ्या जागा व इमारती आणि वाहतूक यांपासूनच होते.

म्हणून आपल्या गटाने घरापासून उद्यानापर्यंतचा रस्ता एकदा वही घेऊन चालून पाहावा. पदपथाची कड कुठे वीतभर उंच आहे, कोणत्या वळणावरचा दिवा बंद आहे, पायऱ्यांना कठडा आहे का, स्वच्छतागृहात कमोड आणि धरून उठायला दांडा आहे का, याची ठिकाणासह नोंद करावी. स्वच्छतागृहाचा मुद्दा संकोचाने मागे ठेवू नये. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले कितीतरी पुरुष त्यापायी बाहेर पडणे सोडतात आणि बाहेर जायचे म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत; सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते.

दुसरी मागणी पाण्याच्या वेळेची असावी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्धेला पाण्याच्या दिवशी भरलेल्या बादल्या उचलाव्या लागतात आणि वेळ अपरात्रीची असेल तर झोपही मोडते. पाणी शक्यतो दिवसा सोडावे आणि वेळ आदल्या दिवशी मोबाइलवर कळवावी, एवढ्यासाठी कोणतीही नवी इमारत लागत नाही.

निवेदन झोन कार्यालयात द्यावे, आयुक्तांना प्रत पाठवावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने खर्चाच्या मागण्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव होण्याआधी, दिवाळी सरताच पोहोचलेल्या बऱ्या.

प्रश्न : मी पूर्व भागातील ७२ वर्षांची निवृत्त विडी कामगार आहे. भविष्य निर्वाह निधीचे दरमहा हजार रुपये पेन्शन मिळते. श्रावणबाळ योजनेचा अर्ज झोन कार्यालयात चालेल का?

उत्तर : नाही, तो तहसील कार्यालयात करावा लागतो. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी आहेत. आपले पेन्शन वर्षाला १२,००० रुपये होते, तेवढ्याने मर्यादा ओलांडत नाही. मुलाची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरली गेली, तर मात्र ओलांडेल. आजच्या महागाईत ही मर्यादा अन्यायकारक आहे आणि ती वाढवण्याची मागणी ज्येष्ठांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. दरम्यान, सत्तरी पार केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड दाखवून या योजनेचे आयुष्मान कार्ड आताच काढून घ्यावे. उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयातच मिळतात, म्हणून दाखल होण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.