नकार लेखी घ्या, आणि लिंडाची साक्ष गाळू नका

साताऱ्यात सभासदांसाठी 'इनसाइड डीप थ्रोट' हा २००५ चा माहितीपट दाखवण्याचे आपण ठरवले आणि सभागृहाचे आरक्षण ऐनवेळी रद्द झाले, हे वाचले. सांगलीत आमच्या फिल्म सोसायटीने याच माहितीपटापायी हाच मनस्ताप सोसला आहे. प्रदर्शनाचे हक्क, सभासदांच्या वयाची नोंद या गोष्टी आपण पाहिल्या असतीलच.

आम्हाला सर्वाधिक छळले ते एका कार्यालयाने. अर्जाचा विषय वाचताच १९७२ चा 'डीप थ्रोट' हा मूळ अश्लील चित्रपटच दाखवला जाणार, असे तेथे गृहीत धरले गेले. 'आधी पोलिसांचा ना-हरकत दाखला आणा' असे तोंडी सांगितले गेले आणि पोलीस ठाण्यात 'आधी त्यांचे पत्र आणा' असे उत्तर मिळाले. लेखी नकार कोणीच दिला नाही. त्यामुळे दाद कशाविरुद्ध मागावी हेच ठरेना आणि सभागृहाची अनामत मात्र बुडाली. ज्याला आक्षेप आहे त्याने तो सहीनिशी नोंदवावा, एवढी अपेक्षा नागरिकाने का ठेवू नये? म्हणून अर्ज बारनिशीतच द्यावा, पोच घ्यावी आणि हा त्या चित्रपटाच्या सामाजिक परिणामांवरील माहितीपट आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहावे. त्यात मूळ चित्रपटातील एक उघड दृश्य आहे आणि अमेरिकेतही त्याला 'एनसी-१७' हे केवळ प्रौढांसाठीचे मानांकन मिळाले, हे मात्र लपवू नये. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार प्रदर्शनाला प्रमाणपत्राच्या तरतुदींतून सूट देऊ शकते. परंतु मी वकील नाही आणि अश्लीलतेचा कायदा वेगळा आहे, तेव्हा सल्ला अवश्य घ्यावा.

माझे ठाम मत प्रदर्शनानंतरच्या चर्चेविषयी आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९७३ मध्ये चित्रपट अश्लील ठरवला, अभिनेता हॅरी रीम्सला १९७६ मध्ये मेम्फिसमध्ये दोषी धरले गेले व पुढे तो निकाल रद्द झाला, या घटनांवरून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपोआप रंगते. परंतु नायिका लिंडा लव्हलेस हिने १९८० च्या आत्मकथनात, तत्कालीन पतीने मारहाण करून व धाकदपटशाने आपल्याकडून हे काम करवून घेतल्याचे सांगितले आणि १९८६ मध्ये अश्लील चित्रपट-साहित्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मीस आयोगासमोरही साक्ष दिली. माझ्या मते माहितीपट तिला पुरेशी जागा देत नाही. आपण तिच्या साक्षीचा सारांश मराठीत करून प्रदर्शनापूर्वीच सभासदांना द्यावा आणि चर्चेचे सूत्रसंचालन स्त्री-अत्याचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्तीकडे सोपवावे.